सामानासकट

नणंद विचारते, केवढं होतं गं तुमचं तिथलं घर?
दाभोळच्या धक्क्यावर आम्ही दोघी, फेरीबोट अजून पलीकडे,
पिशवीतल्या तिसऱ्यांचं पाणी तिच्या चपलेवर गळतंय.
स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत, मी म्हणते,
एकेचाळीस पावलं.
ती खाडीकडे बघत राहते,
जणू धोपाव्यापर्यंत किती होतील ते मोजतेय.

मस्कतला, सातव्या मजल्यावर.
तीन खोल्या, दोन न्हाण्या,
हॉल असा की कुणाचाही निकाह त्यात लागावा.
सोफा दहा माणसांचा, बसायला आम्ही दोघं,
त्यातले हे रात्री नऊला यायचे
आणि गालिच्यावरच बसायचे, सोफ्याला पाठ टेकून.

सगळं आधीच होतं. हे कसं सांगू सुग्राला?
दार उघडलं तेव्हा पलंगावर चादर होती,
फ्रिजमध्ये बर्फ,
कपाटात आठ हँगर आणि कुणाच्या तरी अत्तराचा वास.
कंपनीचा माणूस उभ्याउभ्या यादी वाचत गेला,
आम्ही मान हलवत गेलो:
उशा सहा. पडदे चार जोड. चमचे चोवीस.
चित्र एक, पळत्या घोड्यांचं.
खाली बारीक अक्षरात, भिंतीला खिळा मारू नये.
यांनी सही केली.
मी घोडे मोजले. पाच.
त्यांचा आकडा यादीत नव्हता.

चौदा वर्षं त्या घोड्यांची धूळ पुसली.
लग्नात मिळालेली आयतुल कुर्सीची चौकट
शोकेसवर टेकून उभी राहिली, पाहुण्यासारखी.
इथल्या बर्फ कारखान्याचं कॅलेंडर, भरती-ओहोटीच्या वेळांचं,
फ्रिजच्या दारावर चुंबकाने.
दूध काढताना वाचायचे: भरती दहा बावीस.
म्हणजे आता सुग्राच्या नवऱ्याची होडी आत येत असेल.
एसीचं पाणी थेंबथेंब बादलीत जमायचं,
त्यावर मी दूधपावडरच्या डब्यात पुदिना वाढवला.
पुदिना यादीत नव्हता.
अनीसही नव्हता. चौथ्या वर्षी झाला,
रांगत कुठल्या खोलीत गेला ते कळायचं नाही,
हाक मारावी तर माझीच हाक आधी परत यायची.

त्यानंच एक चमचा बाल्कनीतून खाली टाकला.
मी सातही मजले उतरले,
गाड्यांखाली वाकून बघितलं. नाही.
सुकातून दुसरा आणला दीडशे बैसाला.
त्याच्या दांड्यावर वेल होती, बाकीच्यांच्या नव्हती.

निघायच्या दिवशी तोच माणूस, आता केस पिकलेला,
ड्रॉवर उघडून मोजू लागला.
मी ओढणीचं टोक चावत उभी.
चोवीस, तो म्हणाला.
वेल त्यानं बघितली नाही.

इथे आल्यावर पहिलं काम, खिळा.
जांभ्याची भिंत. दोन ठोक्यांत खिळा बाहेर,
लाल भुगा माझ्या केसांत.
मग यांनी फणसाच्या लाकडाची खुंटी तासली,
भोकात ठोकून बसवली, तेव्हा कुठे राहिला.
चौकट जरा वाकडी आहे. असू दे.

ईदची जेवणं झाल्यावर भांडी घासताना
मी अजून चमचे मोजते.
कधी सतरा भरतात, कधी वीस.
दोन मुल्लांच्या घरचे, एक कुणाचा कोण जाणे,
आणि एकावर सासूचं नाव कोरलेलं, हलिमाबी,
झिजत झिजत लिमाबी झालेलं.

बोट टेकते. फळी पडते, आधी रिक्षा चढतात.
मग एवढ्या मोठ्या घरातनं आणलंस काय गं? सुग्रा विचारते.
मी पिशवी दुसऱ्या हातात घेते.

तिथल्या एका ड्रॉवरमध्ये
तेवीस चमचे कंपनीचे आहेत
आणि एक माझा.
नाव तेवढं कोरून घ्यायला हवं होतं.